मागच्या सीटपर्यंत आवाज

आमच्या गाडीतला स्टिरिओ आवाज करतो, परंतु तो आवाज मागच्या सीटपर्यंत पोहोचत नाही, ही बाब एका रविवारी सकाळी माझ्या निदर्शनास आली. चार स्पीकरपैकी तीन केव्हाच निवर्तले होते. उरलेला चौथा माझ्या गुडघ्याशी, चालकाच्या दारात होता आणि तो फक्त गाडी खड्ड्यातून गेली की बोलायचा. वळण आलं की त्याचं स्टेशन बदलायचं. एका स्टेशनवरच्या बातमीचा पूर्वार्ध आणि दुसऱ्यावरच्या जाहिरातीचा उत्तरार्ध जोडून ऐकायची मला सवय झाली होती. जगाबद्दलची माझी समज त्यामुळे फारशी बिघडली होती, असंही म्हणता येणार नाही.

बाब निदर्शनास येण्याचं कारण असं, की त्या सकाळी मावशीच्या मुलीचा फोन आला. मावशीला बरं नव्हतं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणते. दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलायच्या. काय बोलायच्या ते कुणालाच ठाऊक नाही, कारण दोघी एकाच वेळी बोलायच्या. आईनं फोन ठेवला, तिथेच जरा वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "अरे, मला अक्काकडे घेऊन चल."

"जाऊ की," मी म्हणालो. "येत्या रविवारी निघू. घरची गाडी आहे, अडचण काय आहे?"

अडचण काय आहे, हा प्रश्न मी विचारायला नको होता. मी एका मोठ्या कार्यालयाच्या नियोजन शाखेत काम करतो. आमच्याकडे हा प्रश्न एकदा विचारला गेला, की अडचण सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. मावशीचं गाव गाडीनं पाच तासांवर. म्हणजे जाताना पाच तास खड्डे मोजत बातम्या ऐकायच्या आणि येतानाही तेच. शिवाय आई मागे बसणार. तिच्यापर्यंत तर काहीच पोहोचणार नाही. ज्येष्ठ प्रवाशाला आवाजापासून वंचित ठेवून केलेल्या हालचालीला प्रवास म्हणता येत नाही. मी जाहीर केलं, की आधी स्टिरिओ, मग प्रवास.

"मला कशाला रे गाणी?" आई म्हणाली. "मी आपली खिडकीतून बघत बसेन. तू फक्त चल."

लाभार्थी नेहमी असंच म्हणतात. लाभार्थ्याला स्वतःचं हित कळत असतं, तर नियोजन शाखेची गरजच पडली नसती.

खर्चाची मर्यादा मी त्याच दिवशी ठरवली. आकडा सांगत नाही, पण तो ऐकून माझी बायको हसली. ती बँकेत रोखपाल आहे आणि आकड्यांना सहसा हसत नाही.

"एवढ्यात स्टिरिओचा खोका येईल," ती म्हणाली. "तोही रिकामा."

मी तिला समजावलं, की मर्यादित निधी ही अडचण नसून शिस्त आहे. आमच्या शाखेत मंजूर रक्कम पवित्र मानतात. काम वाढेल, मुदत वाढेल, कामावर देखरेख करणारी माणसं वाढतील, त्या माणसांच्या खुर्च्या वाढतील; मंजूर रक्कम मात्र वाढणार नाही. जे काही जास्तीचं लागेल, ते दुसऱ्या लेखाशीर्षातून, म्हणजे दुसऱ्याच कामाच्या पैशांतून, वळवायचं. लोक म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आम्ही अंथरूण तेवढंच ठेवतो आणि पाय शेजारच्याच्या अंथरुणात पसरतो.

तांत्रिक सल्लागार म्हणून मेहुण्याची नेमणूक झाली. त्याला स्टिरिओतलं कळतं, असं तो स्वतः सांगतो. दुसरा साक्षीदार नाही. तो तेव्हा दोन नोकऱ्यांच्या मधे होता आणि ही मधली जागा त्याला इतकी मानवली होती, की पुढची नोकरी तो फारशी शोधत नव्हता. त्या अवकाशात त्यानं ध्वनी या विषयावरचे मिळतील तेवढे व्हिडिओ पाहून टाकले होते. त्यानं गाडीच्या चारही दारांवर टिचक्या मारल्या, एका दाराला कान लावला आणि निदान केलं.

"भावोजी, गाडी बहिरी आहे. स्टिरिओला हात लावायचा नाही. तो सगळ्यात शेवटी. आधी स्पीकर."

बायकोनं बोलायला तोंड उघडलं होतं. पण तज्ज्ञ माहेरचा असल्यामुळे तिनं ते पुन्हा मिटलं.

स्टिरिओचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ होता. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत स्पीकर टांगलेले आणि सगळे एकाच वेळी वेगवेगळी गाणी म्हणत होते. दुकानदारानं उभं आयुष्य त्या दोन भिंतींमधे काढलेलं असल्यामुळे त्याला जवळजवळ ऐकू यायचं नाही. मेहुणा म्हणाला, हीच त्याच्या अनुभवाची पावती. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे टक लावून तो बोलणं ओळखायचा आणि स्वतः ओरडून उत्तर द्यायचा. मी आमची रक्कम सांगितली. त्यानं आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग खात्री करून घ्यायला मेहुण्याच्या.

"होऊन जाईल!" तो ओरडला.

कुठल्याही धंद्यात या दोन शब्दांपासून जपून राहावं. पण आमच्या शाखेत हे दोन शब्द ऐकले, की चहा मागवतात.

मागच्या सीटमागे दोन स्पीकर बसले. आवाज खरोखर मागे पोहोचला. पण त्याबरोबर दारं खडखडू लागली. दारं गप्प बसावीत म्हणून त्यांच्या पोटात जाड पत्रे चिकटवले. दारं गप्प बसली आणि इतकी जड झाली, की उघडायला खांदा लावावा लागे. खिडकीच्या काचा त्या पत्र्यांत अडकून वरच राहिल्या. बाहेरचा गोंगाट आता आत येणार नाही, हा फायदा दुकानदारानं आम्हाला वेगळे पैसे न घेता दिला.

मंजूर रक्कम इथेच संपली होती. तेव्हा नव्या टायरांसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी 'आनुषंगिक ध्वनी' या लेखाशीर्षाखाली वळवले.

"टायर पार गुळगुळीत झालेत," बायको म्हणाली.

"चांगलंच की, ताई," मेहुणा म्हणाला. "रस्त्याचा आवाज कमी येईल."

पहिला रविवार असा गेला. त्याच्या पाठोपाठ आणखी काही रविवार गेले. रविवारांचा स्वभावच तसा असतो. आईनं बॅग भरून दाराशी ठेवली होती. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं मावशीसाठी स्वेटर विणायला घेतला होता. स्वेटरची पाठ होईल तेव्हा निघू, असं तिनं मनाशी धरलं होतं. पाठ झाली. मग बाह्या झाल्या. रोज सकाळी चहाच्या वेळी ती विचारायची, "कधी निघायचं रे?" आणि मी तिला कामाची सद्यःस्थिती सांगायचो. ती नीट ऐकून घ्यायची आणि पुन्हा सुया हातात घ्यायची. दुपारचे फोनही आता बंद होते. त्यामुळे घरात चांगली शांतता असायची आणि आम्हाला खिडकीत उभं राहून खाली गाडीत चाललेली चाचणी नीट ऐकता यायची.

चाचणीत आढळलं, की नवे स्पीकर जुन्या स्टिरिओला पेलत नाहीत. म्हणून ॲम्प्लिफायर आला. ॲम्प्लिफायर जुन्या बॅटरीला पेलेना, म्हणून मोठी बॅटरी आली. ती पुढे मावेना, म्हणून तिला डिकीत बसवली आणि डिकीतलं जादा चाक शेजाऱ्यांच्या जिन्याखाली ठेवलं. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण नाक अजून जागेवर होतं. विम्याचे पैसे त्या वर्षी भरायचे राहून गेले. गाडी जागची हलतच नसल्यानं अपघाताची शक्यता नव्हती, हे मी टिपणीत स्पष्ट केलं.

मग एके दिवशी मेहुणा गाडीत डोळे मिटून बसला आणि खिन्न चेहऱ्यानं बाहेर आला.

"भावोजी, आवाज कानात येतोय. पोटात येत नाहीये."

पोटात आवाज येण्यासाठी वूफर लागतो. दुकानदारानं दाखवलेला वूफर धुलाईयंत्राएवढा होता. तो ठेवायचा कुठे? डिकी भरलेली होती.

"मागची सीट काढावी लागेल!" दुकानदार ओरडला.

"अहो, पण मागच्या सीटपर्यंत आवाज पोहोचावा, म्हणून तर हे सगळं चाललंय!" मीही ओरडलो.

त्यानं माझे ओठ काळजीपूर्वक वाचले. "पोहोचेल की! सीट काढली की सरळ पोहोचेल! मधे काही अडथळाच नाही!"

त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटला. आमच्या शाखेत असता, तर एव्हाना तो प्रमुख झाला असता.

"मग मी कुठे बसू?" आईनं घरी विचारलं.

"बसण्याची व्यवस्था हा दुसऱ्या टप्प्यातला विषय आहे, आई."

"आई पुढे बसतील," बायको म्हणाली. "मी घरी राहते. तुम्ही निघा तरी एकदाचे."

सूचना चांगली होती, पण वूफरला जागा करताना पुढची डावी सीट इतकी पुढे सरकवली होती, की तिथे बसणाऱ्याला पाय घरी ठेवून यावं लागलं असतं. मागची सीट आम्ही वर आणून बाल्कनीत ठेवली. आईला ती आवडली. कंबरेला आधार मिळतो म्हणाली. स्वेटर संपला होता. त्या सीटवर बसून तिनं उरलेल्या लोकरीची कानटोपी विणायला घेतली. खाली चाचणी सुरू झाली, की सीट हलकेच थरथरायची. म्हणजे मूळ उद्दिष्ट गाठलं गेलं होतं: आवाज मागच्या सीटपर्यंत पोहोचत होता.

काम संपत आलं होतं. फक्त इंजिन सुरू केलं, की स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. वायरी बदलल्या, जोड बदलले, तरी डास हटेना. दुकानदार गाडीत येऊन बसला. त्याला कुठलाच डास ऐकू आला नाही. पण मेहुण्याच्या चेहऱ्यावरून त्याला तक्रार कळली.

"इंजिन बंद करून ऐका!" तो ओरडला.

आम्ही इंजिन बंद केलं. डास गेला. इतका स्वच्छ, इतका गोल आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा दोष कुणाचा, हे सिद्ध झालं. आणि आमच्या शाखेत दोष सिद्ध झाला, की कारवाई टाळता येत नाही. शिवाय ज्यासाठी एवढा खटाटोप, तो मोठ्या पडद्याचा नवा स्टिरिओ घ्यायचा अजून बाकी होता आणि वळवण्यासारखं एकही लेखाशीर्ष घरात उरलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला आमच्या गाडीचं इंजिन हवं होतं. दोन प्रश्न एकमेकांत बसणं हा नियोजनातला सर्वोच्च आनंद आहे.

बायको त्या दिवशी बँकेतून लवकर आली होती. गॅरेजवाल्याची माणसं साखळीनं इंजिन उचलत होती, तेवढ्यात ती फाटकातून आत शिरली.

"गाडी चालायला इंजिन लागतं," ती शांतपणे म्हणाली, "एवढं तरी मान्य आहे ना तुम्हाला?"

"तत्त्वतः मान्य आहे."

"आणि आईंना जायचंय, हे?"

"तेही तत्त्वतः मान्य आहे. त्यासाठीच तर चाललंय. इंजिन काय, पुढच्या वर्षीच्या तरतुदीत परत घेता येईल. दुकानदार स्टिरिओवर देतोय ती सवलत पुढच्या वर्षी असेल का?"

ती वळून जिना चढली. रोखपाल उठून गेला, की खिडकी बंद झाली असं समजावं.

नवा स्टिरिओ बसला. इंजिन नसल्यामुळे बॅटरी भरेना, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर खाली सोडली. फ्रिज आणि गाडी एकाच वेळी चालवायची नाही, असा घरात नियम केला. उद्घाटनाला मी आमच्या शाखाप्रमुखांना बोलावलं. शेजारीपाजारीही जमले. प्रमुखांनी गाडीभोवती एक फेरी मारली, गुळगुळीत टायर पाहिले, रिकाम्या बॉनेटमधे डोकावले आणि मला बाजूला घेतलं.

"गाडी चालते का?"

"चालणं या योजनेत समाविष्ट नव्हतं, साहेब."

"रक्कम?"

"मंजूर रकमेपेक्षा एक पैसाही जास्त नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी तो पहिल्यांदाच ठेवला. मग त्यांनी फीत कापली आणि पडद्यावर बोट ठेवलं. आवाज आधी पोटात आला, मग छातीत, मग खिडक्यांच्या काचांत. समोरच्या इमारतीतल्या बाया गॅलरीत आल्या. मी अभिमानानं आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. मागची सीट एकटीच थरथरत होती. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

"आई कुठे आहे?" मी बायकोला विचारलं.

"गेल्या. सकाळीच. तुम्ही फितीला कात्री शोधत होतात, तेव्हा मी त्यांना स्टँडवर सोडून आले."

"बसनं? अगं, त्या बसमधे साधा रेडिओसुद्धा नसतो!"

"हो," बायको म्हणाली. "पण इंजिन असतं."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? एवढी सोय करून ठेवल्यावर आईनं असं गैरसोयीत जावं, हे मुलाला लागणारच. संध्याकाळी तिचा फोन आला, की ती पोहोचली. मी गाडीतच बसलेलो होतो.

"दोन दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हणालो. "बरं, आता असं कर, फोन मावशीच्या कानाला लाव. तिला ऐकव. आपलंच आहे सगळं."

आई काहीतरी म्हणत होती, पण मी फोन वूफरसमोर धरला होता. एक अख्खं गाणं ऐकवलं. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"काय म्हणाली मावशी?"

"तिला ऐकू येत नाही रे."

"फोन जरा नीट धर ना तिच्या कानाशी."

"अरे, तिला ऐकूच येत नाही. तापात दोन्ही कान गेले तिचे. तेच तर झालंय तिला. फोनवर बोलता येईना आम्हाला, म्हणून तर तुला म्हटलं, मला घेऊन चल."

मी स्टिरिओ बंद केला. आवाज थांबलेला ऐकून, नियमाप्रमाणे वर कुणीतरी फ्रिज सुरू केला असावा.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "चल, ठेवते आता. तिच्याकडे तोंड करून बोलावं लागतं, तेव्हा तिला कळतं. मघापासून माझ्या तोंडाकडे बघत बसलीये बिचारी. कानटोपी मात्र छान बसली हो तिला."

हा प्रकार मी मेहुण्याला सांगितला. त्यानं वूफरवर एक टिचकी मारली. मग म्हणाला, "भावोजी, ऐकू येत नसलं तरी थरथर जाणवते माणसाला. याच्या दुप्पट वूफर घेतला, तर मावशींना पायांतून गाणं कळेल." प्रस्ताव विचाराधीन आहे. इंजिनाची जागा रिकामीच आहे.

तुम्हाला हसू येतंय, ते दिसतंय मला. हसा. पण मावशीला बरं नाही, हे मी तुम्हाला अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. त्यानंतर टायर गेले, सीट गेली, इंजिन गेलं, आणि आता आणखी काय जाणार म्हणून तुम्ही मोठ्या उत्सुकतेनं वाचत राहिलात. या सगळ्या वेळात, मावशीला नेमकं झालंय काय, असं तुमच्या मनात एकदा तरी आलं का?

नसेल आलं तर संकोच बाळगू नका. आमच्या शाखेत सध्या भरती चालू आहे.